लिंबू-कोथिंबिरीचा भात

लिंबाची साल किसताना बोटांना वास लागला की लोअर परळच्या ऑफिसातली ती दुपार आठवते. मी नवीनच लागले होते आणि प्रत्येकाने घरून काहीतरी आणायचं ठरलं होतं. चाळीतल्या आमच्या खोलीत आईने सकाळीच मोकळा भात केला, त्यात हिरवीगार कोथिंबीर आणि पुदिना घातला, लिंबू पिळलं आणि डबा भरून दिला. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम दोन घास खाऊन म्हणाल्या, "छानच झालाय गं," आणि मग त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालीस?" मी सांगितलं. त्यांनी ताटली हळूच बाजूला सरकवली. "लिंबाने माझा घसा धरतो," असं म्हणून त्यांनी लगेच लिंबू सरबताचा ग्लास उचलला. माझं डोकं फिरलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी विचारलं, "मॅडम, घसा लिंबाने धरला की आडनावाने?" त्या सरबत पीत राहिल्या. साहेब मात्र मलाच म्हणाले, "अगं, जाऊ दे ना, पार्टी आहे." मी डबा बंद केला. घरी आईने दारातच विचारलं, "आवडला का सगळ्यांना?" मी हो म्हटलं. त्या बाईंनी मला माझ्या आईशी खोटं बोलायला लावलं, याचा राग इतक्या वर्षांनीही तसाच आहे.