हौदातला गूळ

वेल्ह्याच्या बाजारातला तो जनावरांचा हौद दिसला, की अजून मी पदर पुढं ओढते. त्या हौदापायी आमच्या ह्यांची अब्रू गेली, आणि गूळ माझ्या फडताळातला होता.

आमचे हे गवंडी, मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या हाताखाली चुन्याचं काम शिकलेले. सिमेंट तेव्हा आमच्याकडं नवं. पुण्याच्या कॉलेजातले रसायनाचे मास्तर आणि सिमेंट कंपनीचा साहेब असे दोघं मिळून आले होते. आमच्या नदीच्या वाळूत कंपनीचं सिमेंट कसं धरतं, ते त्यांना बघायचं होतं. त्यासाठी बाजारातला हौद ह्यांनी बांधायचा होता. तो नीट झाला, तर ह्यांना कंपनीत कायमचं काम मिळणार होतं. मास्तरांनी बजावलं होतं, "वाळू, सिमेंट, पाणी. चौथी वस्तू नको."

मामंजींना हसू आलं. "चुन्याला गूळ लागतो, मग ह्या विलायती चुन्याला का नगं? पुस्तकवाल्यांना काय ठावं! सूनबाई, दे ती ढेप. पोराचं कल्याण व्हईल." शिमग्याच्या पोळ्यांसाठी जपलेली ढेप मी मेलीनं हसत हसत काढून दिली. त्यांनी ती पाण्याच्या पिंपात विरघळवली. ह्यांना आम्ही काही सांगितलं नाही. हौद ओतून झाला आणि मामंजी खुशाल पालीला लेकीकडं राहायला गेले.

दोन दिवसांनी हौदावर झाकलेली ओली पोती काढली. मास्तरांनी भिंतीला बोट लावलं, तर शिऱ्यात जावं तसं आत गेलं. वर मुंग्यांची ही रांग!

"ह्यात गोड काय घातलंत?" मास्तरांनी विचारलं. "गूळ-साखर पडली की सिमेंट धरतच नाही."

मी वाळूची पाटी घेऊन उभी होते. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि माझ्या तोंडावरूनच त्यांना सगळं कळलं. बोल की गं बये, बोल! पण मी पाटीआड तोंड लपवलं. हे म्हणाले, "म्या घातला, साहेब."

"सांगितलेलं न ऐकणारा गवंडी आम्हाला काय कामाचा?" कंपनीचा साहेब म्हणाला. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी भिंतीतला मऊ गोळा कॉलेजात दाखवायला बाटलीत भरून घेतला. म्हणजे आमची लाज पुण्यालाही गेली.

मग पुण्याचा गवंडी आला. त्यानं तो हौद फोडून नवा बांधला.

"म्हाताऱ्याला कळू द्यायचं न्हाई," ह्यांनी मला शपथ घातली. "जिवाला लावून घेईल."

मामंजी पालीहून आले तोवर नवा हौद घट्ट झाला होता. त्यांना वाटलं, आपलाच. पुढं कित्येक वर्षं बाजाराच्या दिवशी ते त्यावर काठी आपटून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, "ह्यात माजा गूळ हाय! पोराला साधं काम टिकवता आलं न्हाई, पन बापाचा गूळ बगा कसा धरलाय!" लोक ह्यांच्याकडं बघून हसायचे. हे दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला निघालेले, खांद्यावर कुदळ, मान खाली.

"काय सूनबाई, खरं का न्हाई?" मामंजी माझी साक्ष काढायचे.

आणि मी ह्यांच्यादेखत म्हणायची, "व्हय, मामंजी."