पहिल्या खुर्चीच्या हिरड्या

आमच्या बागेतल्या बँडमध्ये ट्रम्पेटच्या पहिल्या खुर्चीवर मामा बसतात. आठवडाभर ते लोकांची कुलपं दुरुस्त करतात आणि रविवारी संध्याकाळी बागेत वाजवतात. ती खुर्ची सत्तावीस वर्षं त्यांची. शेजारी डावीकडे, दुसऱ्या खुर्चीवर त्यांचे जावई. जावई त्यांना मामा म्हणतात, म्हणून सगळा बँडच म्हणतो.

पहिल्या खुर्चीला एकच काम अवघड. शेवटच्या धूनमधला सगळ्यात वरचा सूर. तो लावायला माउथपीस ओठांवर, म्हणजे पर्यायाने दातांवर, चांगला दाबावा लागतो. ज्याला तो सूर लागेना त्याने खुर्ची सोडायची, असा नियम आहे. हा नियम मामांनीच केला, आधीच्या वादकाला उठवताना.

वर्षभरापूर्वी ब्रश करताना थुंकीत लाल दिसायला लागलं. ब्रश कडक आहे, असं मामांनी ठरवलं. मग मऊ ब्रश आणला. तरीही लाल. तेव्हा जिथून रक्त येतं तिथे ब्रश फिरवायचाच नाही, असा त्यांनी तोडगा काढला. रागावलेल्या माणसाला कशाला डिवचा. दुखत मात्र काहीच नव्हतं, त्यामुळे आजार असण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढे वरचा सूर फाटायला लागला. मामांनी माउथपीस बदलला. मग दुसरा आणला, मग तिसरा. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मामांनी तीन अंगणं बदलली. तिसऱ्यावर मात्र सूर खणखणीत लागला आणि तेव्हापासून सहा महिने लागतोच आहे.

"वस्तू चांगली हवी, जावईबापू," मामा म्हणाले.

"हो ना, मामा," म्हणत जावई रुमालाने ओठ पुसत राहिले.

घरी मामी वेगळ्याच बाजूने जेरीस आल्या होत्या. "कुलपांवर फुंकर मारू नका," त्या म्हणाल्या, "आपोआप उघडतील. तोंडाला वास येतोय तुमच्या." या एका वाक्यावर मामा दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, अर्थात ट्रम्पेटची पेटी घेऊन, कारण ती ते न्हाव्याकडेही नेतात.

बाईंनी बारीक, खुणा केलेली एक सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत अलगद घालत आकडे सांगायला सुरुवात केली. मदतनीस लिहून घेत होती. "तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार." मामा पायाने ताल धरू लागले. पुढच्या दातांपाशी "सहा, पाच, सात" आलं आणि मामांचा ताल चुकला.

"तीन मिलिमीटरपर्यंत ठीक असतं, काका," बाई म्हणाल्या. "पुढच्या दातांपाशी हिरडी सुटलीये. आत कीटण साठलंय. एक्स-रेमध्ये बघा, दात ज्या हाडात रोवलेला असतो ते हाडही झिजलंय. समोरचे दोन दात हलतायत."

"पण दुखत नाही."

"तीच तर याची लबाडी. रक्त येतं तिथे ब्रश करायचं सोडलंत ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"सगळे तेच करतात. तुमच्याकडे कुणी गंजकं कुलूप आणून म्हणालं, कुरकुरतं म्हणून तेल घालायचं बंद केलं, तर?"

"मी त्याला दुकानातून हाकलीन."

"मी हाकलत नाही. खोलवर साफ करू, दोन दात मागून तारेने बांधू, आणि तुम्ही रोज तिथेच हलक्या हाताने ब्रश करायचा. पण वरचा सूर विसरा. या दातांवर तो गेले कित्येक महिने लागत नसणार."

मामा हसले. "परवाच्या रविवारीच लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

बाईंनी नुसतं पेटीकडे पाहिलं. मामा उठले, गळ्यातलं कागदी लाळेरं सावरलं, तिसरा माउथपीस बसवला आणि छाती भरून फुंकलं. सायकलची हवा सोडावी तसा आवाज झाला. बाहेर बाकावर बसलेल्या आजोबांनी विचारलं, "झालं का काढून?"

मामा खुर्चीत बसले. मघाशी "आ मोठा करा, मोठा करा" म्हणूनही जेमतेम उघडणारं तोंड आता न सांगता उघडं राहिलं होतं. बागेत त्यांच्या डाव्या कानाशी सूर लावू शकेल असं एकच माणूस होतं.

घरी त्यांनी मामींना विचारलं, "तुला माहीत होतं?"

"सगळ्या बागेला माहीत होतं," मामी म्हणाल्या. "जावई गाल फुगवतात तेव्हा तुम्ही डोळे मिटता."

रविवारी मामा लवकर गेले आणि दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले. जावई आले ते उभेच राहिले.

"मामा, जागा चुकली."

"नियम माझाच आहे. बस."

"तुमच्या खुर्चीवर बसलो तर घरात मला जेवायला कोण वाढेल? तुमची लेक?"

"तिच्याशी मी बोलतो. दोन महिने मला डॉक्टरीणबाईंनी खालचेच सूर वाजवायला सांगितलेत, पुढचं पुढे." मामांनी त्यांना दंडाला धरून बसवलं आणि सुरांची वही त्यांच्या पुढ्यात सरकवली. मग कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले, "आज चोरून नको, मोकळेपणाने वाजव. सहा महिने मला वाटत होतं, माझा सूर जरा उतरलाय."