बिनफुलाचा झेंडू

कल्याणला खताच्या दुकानावर माझा फोटो लागलेला. रिक्षाएवढा बॅनर. त्यात मी दात काढून उभा, हातात झेंडूचं झाड, माझ्या छातीपर्यंत आलेलं. मी बुटका आहे, ते बॅनरवर कळत नाही. आमच्या घराण्यात आजवर ज्याचा कोणाचा बॅनर लागला तो मेल्यावरच लागला. मी जिवंतपणी लागलो. समोरच्या टपरीवर उभा राहून मी दोन चहा प्यायलो, कोणी ओळखतंय का बघत. कोणी ओळखलं नाही. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

कारण त्या झाडाला एक पण फूल नव्हतं. सगळं हिरवंगार. पिवळं काय ते माझे दात.

झेंडू बायकोचा. खडवलीला घरामागे तुकडा आहे, त्यात ती दसऱ्यासाठी लावते आणि कल्याण स्टेशनबाहेर पुलाच्या जिन्यापाशी विकायला बसते. ती जागा आधी माझ्या आईची होती. जागेला कागद नाही, पावती नाही. दर दसऱ्याला बसलं की जागा आपली. एक दसरा चुकला की शेजारणीची टोपली सरकते, आणि सरकलेली टोपली परत मागे जात नाही. माझं काम एवढंच, पाठीवर पंप घ्यायचा आणि फवारायचं. तेवढं एक काम माझ्याकडे, ते पण मी असं केलं.

पावसाळ्यात युरियाची गोणी आणायला गेलेलो. दुकानदार म्हणाला, "गोणी पाहिजे तर ही बाटली पण घ्यावी लागेल. नॅनो."

मला ऐकू आलं नाना. माझ्या सासऱ्यांना नाना म्हणतात. मी म्हटलं, "नानांची बाटली मी कशाला घेऊ? ते स्वतःची स्वतः आणतात."

दुकानात सगळे हसले. मी पण हसलो, आणि हसता हसता बाटली घेऊन आलो.

बाटलीच्या कंपनीचा एक पोरगा तिथेच बसलेला, इस्त्रीचा टी-शर्ट घालून. त्याने समजावलं, "काका, यातले कण इतके बारीक की केस पण त्याच्यापुढे डोंगर. पानातून सरळ आत जातात. पंपाला एक टोपण बस."

मी टोपी काढून टक्कल दाखवलं, "केस कुठून आणू मोजायला?" परत सगळे हसले.

घरी बायकोने विचारलं, "काय आणलंत?"

"खत. दिसत नाही एवढं बारीक."

"आणि पैसे दिसणारे दिलेत ना त्याला?"

आता मी दुसरी नापास. मला वाटलं, एवढं बारीक तर एका टोपणात असणार काय? म्हणून अंदाजाने ओतलं. माझा अंदाज असा की मी चुलीजवळ दिसलो की बायको मिठाची बरणी उचलते. गोणीतला युरिया मुळाशी टाकलेला होताच.

झेंडू जो उठला! पानं दाट, काळीभोर, आत पाय ठेवायला जागा नाही. मी मिशीला पीळ देत फिरायचो. बायको मात्र एकेक फांदी उचलून बघायची. "अहो, कळी कुठंय?"

कंपनीचा पोरगा आला, खूश झाला. "काका, झाड हातात धरा. हसा." मी हसलो. मला हसायला सांगावं लागत नाही, हीच तर बोंब आहे.

बायकोने विचारलं, "दादा, फूल कधी येणार?"

"येईल ना ताई. आधी ग्रोथ तर बघा."

दसरा तोंडावर आला तेव्हा अख्ख्या तुकड्यात मूठभर फुलं. मी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "डोस जास्त मारला तुम्ही. वर गोणी पण टाकलीत. चूक तुमची."

"मग हे बाहेर काय टांगलंय?"

"ती ग्रोथ आहे."

"अरे, चूक माझी आणि झाड तुमचं?"

"फुलं येतील की दिवाळीला."

"जागा दसऱ्याला जाते रे!"

मी ओतलं, मान्य. पण गोणीला बाटली मी बांधली नव्हती. गोणीने बिघडलं की बाटलीने, मला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही. ते बारीक कण मातीत गेले असतील, विहिरीत गेले असतील, त्याचं काय, म्हणून ओरडून विचारलं. म्हणाला, "सेफ आहे." मी म्हटलं, "कण दिसत नाहीत म्हणतोस, मग सेफ कसं दिसलं तुला? चष्मा दे, मी पण बघतो." सगळे हसले. मी पण हसलो. झालं, भांडण संपलं. तोंडात आलेला राग मी असा जोक करून थुंकून टाकतो.

घरी हे सगळं सांगितलं. बायको हसली नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती माझ्याबरोबर कल्याणला आली. डोक्यावर तोरणासाठी आंब्याचे पानांसकट टाळे, आपट्याची पानं, भाताच्या लोंब्या. भारा दुकानासमोर उतरवला, टपरीवाल्याचं स्टूल ओढलं, वर चढली आणि विळ्याने बॅनरच्या दोऱ्या कापल्या.

"ओ ताई, काय चाललंय?" दुकानदार धावत बाहेर आला.

"माझ्या नवऱ्याचं तोंड आहे. घेऊन चालले."

विळा हातात होता. दुकानदार आत जाऊन गल्ल्यावर बसला.

जिन्यापाशी शेजारणीची टोपली आमच्या जागेत आलेलीच होती. बायकोने ती पायाने मागे सरकवली. "आम्ही मेलो नाही अजून." मग बॅनर अंथरला आणि माझ्या अंगावर टाळे, लोंब्या, आपटा मांडला. मूठभर फुलं माझ्या कपाळावर ठेवली.

एका गिऱ्हाइकाने विचारलं, "झेंडू नाही?"

"हा काय, खाली छापलाय," बायको म्हणाली.

एक बाई टाळे निवडायला माझ्या तोंडावर गुडघा टेकून बसली. मी बाजूलाच पाणी शिंपडत होतो. "बसा ताई," बायको म्हणाली, "तो काही बोलायचा नाही."

जागा राहिली.

परवा त्या दुकानावरून गेलो. नवा बॅनर आहे. दुसराच कोणीतरी, हातात वांग्याचं झाड, तो पण दात काढून हसतोय. मी टपरीवर उभा राहून वांगं शोधलं. चहा गार झाला, वांगं काही दिसलं नाही.