धुरावर टांगलेलं कवच

ज्या वर्षी कापणीला आलेलं भात अवकाळी पावसाने आडवं केलं, त्या वर्षी बाबा शिमग्याला अस्वल झाले. मी दुसरीत असेन. विरारजवळ, चांदीपच्या बाजूला आमचा जमिनीचा एक तुकडा आणि वर्षाला एकच पीक. भात खाण्यापुरतं व्हायचं, आणि वरच्या खर्चासाठी बाबा दिवाळीनंतर दुसऱ्यांच्या माळावर गवत कापायला जायचे. त्या वर्षी भात गेलं आणि गवतही भिजून काळं पडलं, त्यामुळे ते कामही नव्हतं. आई पेज वाढताना म्हणायची, "मीठ हाय ना, मंग झालं." शिमगा जवळ आला तोवर त्या पेजेत शितं शोधावी लागत होती.

आमच्याकडे शिमग्याला सोंगं काढतात. दारोदार नाचायचं आणि पोस्त, म्हणजे सणाची बक्षिसी, मागायचं. गावात त्याचा कुणाला कमीपणा वाटत नाही, चांगली खातीपिती माणसंही लुगडं नेसून नाचतात. पण त्या वर्षी गावात मागून मिळणार काय? सगळ्यांचंच भात झोपलेलं. तेव्हा काका म्हणाला, "दादा, विरारला इमारतींत जाऊ. तिथं आपल्याला कोन वळखतंय?"

बाबांनी गोणपाटावर काथ्या शिवून अस्वल केलं. काका दोरी धरणारा दरवेशी, आणि ताट माझ्या हातात. बाबा अस्वल फार सुंदर करायचे. मान अशी झुलवायचे की मलासुद्धा क्षणभर भीती वाटायची. एका इमारतीत एक गृहस्थ दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आधी नीट नाचून दाखव, मग देतो." बाबा त्या जिन्यात बराच वेळ नाचले. गृहस्थ हसले, पोरांना बोलावून दाखवलं आणि दार लावून घेतलं. काकाने दोनदा बेल दाबली. बाबा गोणपाटाच्या आतूनच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. चल."

घरी आल्यावर त्यांनी ते गोणपाट गुरांखाली अंथरलं. त्यानंतर आमच्या घरातून सोंग निघालं नाही.

मला मात्र तो दिवस अजून सणासारखाच आठवतो. ताटात तांदूळ होते, बिस्किटं होती, कुणीतरी दिलेली पुरणपोळी होती. माझे बाबा अस्वल झाले होते आणि दोरी सोडली तर सगळ्या इमारतीला खाऊन टाकतील असं मला वाटत होतं. त्यांना काय वाटत होतं ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

पुढे बाबा भाजीचा टेम्पो चालवायला लागले. आधी दुसऱ्याचा, मग हप्त्यावर घेतलेला स्वतःचा. आई वसईच्या बाजारात भाजी घेऊन बसायला लागली. मी विरारच्या कॉलेजातून बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणालाही सांगते, त्यात मला लाज वाटत नाही. निकालाच्या दिवशी बाबांनी टेम्पोला हार घातला होता. लोक विचारायचे, "नवा घेतला काय?" बाबा म्हणायचे, "नाय, पोरगी पास झाली."

कॉलेजातल्या एका मैत्रिणीने मला जपानी कार्टून बघायची सवय लावली. त्यातल्या एका मालिकेत पाठीवर कासवासारखं कवच वागवणारी एक म्हातारी लढवय्यी होती. वाकून चालायची, पण तिच्या वाटेला कुणी जात नसे. मला ती फार आवडायची. मी नोकरीला लागले त्याच वर्षी वसईत अशा कार्टूनवेड्या लोकांचा मेळावा भरणार असल्याचं कळलं. तिथे वेशभूषेची स्पर्धा होती. त्याला कॉस्प्ले म्हणतात. आवडीचं पात्र व्हायचं, आणि अंगावरचं सगळं स्वतः बनवायचं. मी नाव दिलं.

बाकीचे लोक कवचं फोमची करतात. मला फोम कापता येत नव्हता, पण माझ्या घरात इरलं विणणारी बाई होती. लावणीच्या वेळी डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकायला बांबूच्या कामट्या आणि पळसाची पानं घेऊन जे विणतात, ते इरलं. आता सगळे प्लास्टिक पांघरतात. मी म्हटलं, "आई, मला इरलं शिकव, पण कासवासारखं गोल." आई म्हणाली, "कासव कदी लावनी करतं काय?" आणि हसत हसत कोयता घेऊन बांबू फाडायला बसली.

बाबा हसले नाहीत.

"कालेजात घातली ती सोंग काढायला?"

"बाबा, स्पर्धा आहे ही. कुणाच्या दारात जायचं नाहीये."

"लोकं बगायला येनार ना?"

"येणार."

"मंग तेच. आनी टेम्पो मागू नको."

त्यानंतर ते माझ्याशी बोलेनासे झाले. मी पडवीत कामट्या विणत बसले की ते पाठ करून जेवायचे. टेम्पोचं मी कसंही जमवलं असतं. पण बाबांच्या मनात ते जिन्यातलं दार अजून लागलेलंच होतं आणि मी पुन्हा त्याच दारासमोर नाचायला निघाले आहे असं त्यांना वाटत होतं. नाही म्हणून सांगितलं असतं तर मी कदाचित गेले नसते. ते काहीच बोलत नव्हते, हे जास्त जड होतं. मला त्यांनी तिथे यायला हवं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं होतं.

कवच झालं. वरून मी हिरवा रंग मारला, कडेला सोनेरी. कॅलेंडरवरच्या चित्रासारखं चकाकत होतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी कामावरून आले, तर पडवीत कवच नाही. शोधत मागे गेले. आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीवर, आढ्याला, उलटं टांगलेलं. खाली ओल्या लाकडांचा धूर. हिरवा रंग कुठल्या कुठे गेला होता. सगळं कवच काळपट तपकिरी, आणि सोनेरी कड जुन्या पितळेसारखी.

"आई! कुणी केलं हे?"

"वरडू नको. तुज्या बाबांनी टांगलं. सकालपासून लाकडं सारतायत."

"अगं पण का?"

"का म्हंजे? नवा बांबू हाय. भुंगा लागंल ना."

मी रडायच्या बेतात होते, ती तशीच चुलीसमोर बसले. सुपं, टोपल्या, इरली, सगळं आमच्याकडे असंच धुरावर जातं. धूर खाल्लेला बांबू वर्षानुवर्षं टिकतो. उद्या फेकून द्यायची वस्तू कुणी धुरावर टांगत नाही. रंगाचा डबा अर्धा उरला होता. तो मी उघडला नाही.

सकाळी टेम्पो दारात उभा होता. भाजीचे रिकामे क्रेट बाजूला सारून बाबांनी मध्ये जागा केली होती आणि खाली गवत पसरलं होतं.

"रंग गेला काय गं?" त्यांनी गाडी चालू करता करता विचारलं.

"गेला."

"माज्या ध्यानात नाय आलं. बांबू बगितला आनी टांगला."

"राहू दे, बाबा. त्या म्हातारीचं कवच जुनंच आहे."

मेळावा एका लग्नाच्या हॉलमध्ये होता. दारावर कुणाच्या तरी लग्नातली झेंडूची तोरणं तशीच होती, आणि त्यांच्याखालून तलवारी, पंख, निळे केस आत चालले होते. बाबा गंभीरपणे म्हणाले, "वरात भारी हाय." एक निळ्या केसांची मुलगी माझ्या कवचावरून हात फिरवून म्हणाली, "दीदी, ये कौनसा स्प्रे है?"

"धूर. चूल्हे का धुआँ."

"मस्त! ऑनलाइन मिलेगा?"

बाबा तोंड फिरवून हसले. कितीतरी दिवसांनी.

आणि तिथेच नको ते झालं. एक गृहस्थ लहान मुलीला घेऊन आले. त्यांना मी हॉलवाल्यांनी ठेवलेली नाचणारी वाटले असेन. "ए, जरा बेबीबरोबर उभी राहा," असं म्हणत त्यांनी माझ्या हातात दहाची नोट कोंबली. मी बाबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा मी ओळखला. गोणपाटाच्या आत तो तेव्हा मला दिसला नव्हता एवढंच.

मी नोट परत केली. "काका, मी स्पर्धक आहे. फोटो काढा ना, पैसे कशाला?"

ते गृहस्थ ओशाळले. "सॉरी हां, मला वाटलं..."

"माजी मुलगी हाय," बाबा मध्येच पुढे आले. आवाज जरा जास्तच मोठा होता. "बी.कॉम. झालीय. हे तिनं सवता विनलंय. ये बेबी, उभी ऱ्हा. घाबरू नको, कासव हाय." मग त्या गृहस्थांचा मोबाइल घेऊन फोटो बाबांनीच काढला. त्यात निम्मं त्यांचं बोट आलं.

स्टेजवर मी काही नाचले नाही. लावणीच्या चिखलात आई जशी वाकून, पाय उचलून टाकते, तशी चालले. मधोमध थांबले, वळले आणि पाठ दाखवली. मग टाळ्या आल्या, त्यात एक शिट्टी होती. परीक्षक बाई जवळ येऊन वाकल्या, कामट्यांवरून बोट फिरवलं आणि चक्क वास घेतला.

"कुणी शिकवलं?"

"विणायला आईने. धूर बाबांचा."

मोठं बक्षीस मुंबईच्या एका मुलाला गेलं. त्याच्या पंखांत दिवे होते, ते मलाही आवडले. मग कारागिरीच्या बक्षिसासाठी माझं नाव पुकारलं. बाबा मागे पाण्याच्या पिंपाजवळ उभे होते. मी स्टेजकडे न जाता आधी त्यांच्याकडे गेले.

"चला."

"मी कशाला? पाय बग माजे, टेम्पोतल्या चपला हायत."

"बाबा, चला. लोक थांबलेत."

त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली.

कारागिरीचं पहिलं बक्षीस मला मिळालं, आणि ते आम्ही दोघांनी स्टेजवर उभं राहून घेतलं.