रूपकलीची सोनेरी चमकी

आमच्या लॅबमध्ये दोनच गोष्टी साठतात, लीद आणि किस्से. लिदेला निदान फ्रीजर आहे. किस्से मात्र पानाच्या दुकानावर, कुणाच्या बारशाला, जिथे श्रोता सापडेल तिथे रिकामे करावे लागतात. आज तुम्ही सापडलात.

तर, इंदूरच्या तुकोगंजातल्या आमच्या लॅबमध्ये हत्तिणींच्या लिदेतलं हार्मोन मोजतात. हत्तीण तीन-चार महिन्यांतून एकदा, तीही मोजके दिवसच माजावर येते. ते दिवस आधी कळावेत म्हणून आमचा ग्राफ. तो बघून आमच्या मुळ्ये मॅडम हत्तींच्या कॅम्पवर माहूत गेंदालालजींना फोन करायच्या, मग ते बजरंग नावाच्या नराला हत्तिणीजवळ सोडायचे. मॅडम रिटायरमेंटला आल्या होत्या. त्याआधी रूपकली नावाच्या हत्तिणीला दिवस गेलेले बघायचे, एवढी एकच इच्छा. "इतकी वर्षं नुसते ग्राफ काढले, पिल्लू एकही नाही," असं त्या म्हणायच्या, तेव्हा आम्हालाही वाईट वाटायचं.

*

पहिल्या खेपेला ग्राफ अचूक, फोन वेळेवर. बजरंगला सोडलं. दिवसभर मॅडमना चहासुद्धा गेला नाही. संध्याकाळी गेंदालालजींचा फोन आला, दोघांनी छान ऊस खाल्ला म्हणे. मॅडमनी विचारलं, मग पुढे?

"फिर बजरंग ने रूपकली का भी खा लिया, मैडम. अब वो उससे बोल नहीं रही."

*

तपासून उरलेली लीद टाकायची असते, आणि इंदूरमध्ये कचरा टाकणं म्हणजे परीक्षाच! कचऱ्याच्या गाडीवाल्याने बादलीत डोकावून विचारलं, गीला की सूखा? मी म्हटलं, आली तेव्हा ओली होती, आम्ही ओव्हनमध्ये वाळवली. त्याने बादली परत माझ्या हातात दिली.

"तो भिया, गीली ही रहने देते. फालतू बिजली जलाई."

*

वाळवून चाळलेली लीद हुबेहूब जिरावण मसाल्यासारखी दिसते. आणि सकाळच्या पोह्यांवर जिरावण नसेल तर आमच्याकडे कुणी कामाला हात लावत नाही. गोंधळ नको म्हणून आमच्या सुषमाताईंनी जिरावणाच्या डबीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली, 'हे खरंच जिरावण आहे.'

त्या दिवसापासून त्या डबीला कुणी हात लावलेला नाही. सुषमाताईंनीसुद्धा.

*

माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हा महूला एका स्थळाकडे गेलो. मुलीच्या वडिलांनी कामाचं विचारलं. मी मोकळेपणाने लीद, ओव्हन, चाळणी, सगळं सांगितलं. सगळ्यांच्या बशा खाली ठेवल्या गेल्या. वडील मात्र धीराचे होते. नोकरी पर्मनंट आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. "हत्तीण पर्मनंट आहे. मी कॉन्ट्रॅक्टवर."

*

रूपकलीच्या शेजारी शांती नावाची दुसरी हत्तीण बांधलेली असायची. लीद कुणाची ते कळावं म्हणून मॅडमनी रूपकलीच्या गुळात खायला चालणारी सोनेरी चमकी घालायला सांगितली. चमकणारी लीद रूपकलीची, असा साधा हिशेब. पण ग्राफ असा वेडावाकडा यायला लागला की त्यात दुसरी संधीही हुकली. शेवटी मॅडम स्वतः कॅम्पवर गेल्या, तर गेंदालालजी दोघींना चमकी चारत होते! मॅडम जाम भडकल्या. ते मात्र शांतपणे म्हणाले, "एक को दूँ और दूसरी देखती रहे? मुझसे नहीं होगा."

मॅडमनी हात टेकले आणि शांतीसाठी वेगळी, हिरवी चमकी पाठवली.

*

तिसऱ्या खेपेला बजरंगला आधीच पोटभर ऊस दिला. काम झालं, असा गेंदालालजींचा निरोप आला. तरी मॅडमनी पेढे आणू दिले नाहीत. कारण हार्मोन आधी चढतंच. गर्भ नसेल तर दोन-अडीच महिन्यांनी उतरतं, असेल तर वरच राहतं. आम्ही दर आठवड्याला मोजत होतो. ते उतरत नव्हतं.

शेवटचं सॅम्पल नेमकं मॅडमच्या रिटायरमेंटच्या आठवड्यात आलं. आता तीन महिने उलटून गेले होते, म्हणजे निकाल यातच. मी डबा उघडला आणि तसाच मॅडमसमोर नेऊन ठेवला. लिदेत सोनेरी चमकी होती आणि हिरवीही होती.

तरी मॅडमनी टेस्ट करायला लावली. आकडा वरच! पण कुणाचा, रूपकलीचा की शांतीचा? मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा माझ्याने बघवेना. मग त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि गेंदालालजींना विचारलं, शांतीची लीद यात मिसळलीच कशी?

"शांती तो महीने भर से अलग बँधी है, मैडम," गेंदालालजी म्हणाले. "सुनहरी रूपकली के हिस्से की है. हरी पेट के बच्चे की."