आक्काचे चांगले हात

मंगळवारचा माझा कार्यक्रम गेलं वर्षभर ठरलेला आहे. सकाळी लवकर आंघोळ उरकायची, फाइल पिशवीत घालायची, दवाखान्यात जाऊन टोकन घ्यायचं आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहायचं. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं की रांगेत उभं राहणं आणि पोरांना रांगेत उभं करणं, दोन्ही संपलं. पण माणसानं वाटून घ्यायला काय लागतं.

फाइल माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची. आक्का हुपरीला दिलेली. दाजी गेले तरी तिच्या घरातलं चांदीचं काम थांबलं नाही. मुलगा चांदी आटवायचं नि तार ओढायचं काम बघतो, आणि पैंजणाच्या बारीक कड्या एकीत एक अडकवून साखळी जोडायचं काम आक्काचं. नखाएवढीसुद्धा नसलेली कडी ती दोन बोटांत धरते, चिमट्यानं मिटवते, आणि बोलता बोलता पुढची उचलते. गल्लीतल्या इतर घरांतूनसुद्धा नाजूक काम तिच्याकडे येतं. त्याचा तिला गर्व आहे आणि तो ती लपवत नाही.

गेल्या साली तिच्या आतड्यात गाठ निघाली. तपासणीचा कागद आला तेव्हा भाचा आणि मी डॉक्टरांच्या खोलीत होतो, आक्का बाहेर. डॉक्टर मॅडम वयानं माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा, पण बोलणं शांत. कॅन्सर आहे म्हणाल्या, ऑपरेशननं निघेल, पुढे औषध द्यावं लागेल, आणि विचारलं, पेशंटला सांगायचं ना? आम्ही दोघांनी एकदमच मान हलवली. नको.

यात आम्ही काही जगावेगळं केलं नाही. दवाखान्यातल्या त्या खुर्च्यांवर महिनाभर बसलेल्या माणसाला हे लगेच कळतं. आत जाणाऱ्या म्हाताऱ्याच्या पाठीमागून त्याचा लेक डॉक्टरांकडे बघून ओठावर बोट ठेवतो. कुणाला अल्सर असतो, कुणाला सूज, कुणाला नुसतीच 'जरा गाठ'. दारावरची कॅन्सर विभागाची पाटी इंग्रजीत आहे याचं सगळ्यांनाच बरं वाटतं. आमच्या घरात तर त्या नावाची धास्तीच होती. वडिलांना त्यांच्या आजाराचं नाव कुणीतरी सांगितलं आणि पंधरा दिवसांत ते गेले. ते तसेही जाणारच होते, हे आज मला कळतं. पण घरात अजून असंच म्हणतात की वडील नावानं गेले. भाचा म्हणाला, मामा, झाकली मूठ सव्वा लाखाची. मला पटलं. मॅडमना पटलं नव्हतं. पेशंटला कळायला हवं असं त्या दोनदा म्हणाल्या. मी म्हणालो, सांगू की, जरा सवडीनं. आक्काला आम्ही सांगितलं की आतड्याला सूज आहे, कापून काढली की झालं.

ऑपरेशन चांगलं झालं. मग गोळ्या. पूर्वी यासाठी दोन-दोन दिवस सलाइन लावून पडावं लागायचं, आता बऱ्याच जणांना घरीच गोळ्या देता येतात, असं मॅडम समजावून सांगत होत्या. चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ जेवण झाल्यावर, मग सात दिवस सुट्टी, अशा आठ फेऱ्या. मी खूश झालो. हत्ती गेला, शेपूट राहिलं, असं मी भाच्याला फोनवर सांगितलं. एवढा मोठा आजार नि घरात बसून गोळ्या खायच्या, शास्त्र किती पुढे गेलंय, असं मी शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ऐकवत होतो, अर्थात आजाराचं नाव गाळून.

पहिल्या फेरीतच आक्काचे हात लाल झाले. मग बोटांची सालं निघायला लागली. सरकारी योजनेच्या काउंटरवर तिचा अंगठा लावायला गेलो तर मशीन घेईना. काउंटरवरच्या माणसानं काच पुसली, आक्काचं बोट पुसलं, दुसरं बोट लावून बघितलं, शेवटी वैतागून म्हणाला, "पावणं, ह्यांच्या बोटांवर रेघाच न्हाईत की." आक्कानं हात पदराखाली घेतला. मॅडमनी गोळ्यांचा डोस कमी केला, मलम दिलं आणि बजावलं की हात फार सोलले तर लगेच या, मनानं काही करू नका.

त्यानंतर आक्का दवाखान्यात यायचं टाळायला लागली. लग्नसराई होती, काम अंगावर होतं. रक्ताची तपासणी तिकडेच करायची, रिपोर्ट भाच्यानं मोबाइलवर पाठवायचा आणि मी तो घेऊन मंगळवारी जायचं, अशी सोय झाली. हात कसे आहेत, मॅडम विचारायच्या. मी फोनवर आक्काला विचारलेलं असायचं. ती म्हणायची, झ्याक हायत. मी म्हणायचो, चांगले आहेत मॅडम, मलमानं गुण आला. गोळ्यांची पुढची पाकिटं घेऊन मी हुपरीच्या एसटीत बसायचो आणि आक्काच्या हातची भाकरी खाऊन परत यायचो. ती साखळी जोडत बसलेली दिसली की मला समाधान वाटायचं. तिच्या हातांकडे बघत मी ते सगळे महिने स्वतःचीच पाठ थोपटून घेत होतो.

सहाव्या फेरीत रक्तातला एक आकडा वाढला. मॅडमनी स्कॅन करायला सांगितला. स्कॅनमध्ये यकृतावर दोन ठिपके आले. हे मला फोनवर कळलं, आणि पेशंटला स्वतःला घेऊन या, असंही.

त्या मंगळवारी आक्का चांगलं इरकल नेसून आली. मॅडमनी स्कॅनबद्दल काही बोलण्याआधी तिचे दोन्ही हात हातात घेतले, उलटे केले, बोटांची टोकं उजेडात धरली. मी म्हणालो, हात एकदम चांगले आहेत. मॅडम हसल्या नाहीत. एवढे चांगले राहायला नकोत, असं त्या हळू म्हणाल्या आणि आक्काला विचारलं, गोळ्या सगळ्या घेता ना?

आक्कानं सरळ सांगून टाकलं. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

"काम असलं की न्हाय घेत. हात सोलत्यात. काम नसलं की घेतो की. सूज तर कापून काढलीय न्हवं?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. रागावून बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्या नुसत्या थकलेल्या दिसल्या, आणि माझ्या लक्षात आलं की हे त्यांना नवीन नव्हतं. आक्काला बाहेर बसवून मी त्यांना विचारलं, गोळ्या चुकल्या म्हणून हे झालं का? तसं ठामपणानं कुणीच सांगू शकणार नाही, त्या म्हणाल्या, सगळ्या गोळ्या घेऊनही काहींना होतं. मग पुढचं सांगितलं. काढलेल्या गाठीचा तुकडा जपून ठेवलेला आहे, त्यावर आता अशी तपासणी होते की या माणसाला कुठलं औषध लागू पडेल याचा अंदाज येतो. नवी इंजेक्शनं आली आहेत. ठिपके आकसले तर पुढे ऑपरेशनही करता येईल. बरंच काही आहे हातात, पण या वेळी पेशंटला माहीत असल्याशिवाय मी सुरू करणार नाही. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते.

मी सांगतो म्हणालो. दवाखान्यात मला धीर झाला नाही. रिक्षात झाला नाही. स्टँडवर हुपरीची गाडी लागायला वेळ होता, चंदगडची गाडी लागल्याचं कर्ण्यातून ओरडून सांगत होते, आणि त्या गोंगाटात मी बाकड्यावर बसून माझ्या बहिणीला ते नाव सांगितलं. ठिपक्यांचंही सांगितलं. हात धरायला गेलो तर तिनं धरू दिला नाही.

ती रडली नाही. म्हणाली, फाइल काढ.

"पैल्यापासनं वाच. काय बी गाळू नगंस."

आक्का सातवी शिकलेली, फाइल सगळी इंग्रजीत. मी एकेक ओळ मराठीत करून सांगत गेलो. वजन, रक्तदाब, पोटात दुखतं किती दिवस. दुसऱ्या पानावर मी थांबलो. तिथं मॅडमच्या अक्षरात तीन ओळी होत्या आणि खाली माझी मराठी सही, प्रगतिपुस्तकांवर आयुष्यभर केली तीच. अशी सही केल्याचं मी साफ विसरलो होतो.

आक्कानं सहीवर बोट ठेवलं.

"ही तुझी न्हवं? वर काय लिवलंय?"

मी वाचलं. आजार काय आहे ते पेशंटला सांगावं, असा सल्ला नातेवाइकांना दिला. पेशंटला सांगू नये, अशी भावाची विनंती.

हुपरीची गाडी लागली. ती उठली नाही. तिचं बोट अजून कागदावर होतं, गुळगुळीत, एकही साल न निघालेलं. खूप चिडली की ती जशी हळू बोलते तशी बोलली.

"सांगितलं असतंस तर हात गेलं तर गेलं म्हणून घेतल्या असत्या की रं. सुजंसाठी कोण हात घालवतंय?"

पुढं वाच, म्हणाली. मला अक्षरं दिसत नव्हती. मग पान तिनंच उलटलं.