थंडोबानं बस थांबवली

डेपोत त्याला सगळे थंडोबा म्हणत. समोर कुणी गाडी आडवी घालो, मागून कुणी कानठळ्या बसेपर्यंत हॉर्न वाजवो, याच्या कपाळावर साधी आठी पडायची नाही. नवे ड्रायव्हर आपसात म्हणायचे, "याच्या अंगात रक्त आहे की गार पाणी?" तो ऐकायचा आणि नुसता हसायचा. शहराच्या या टोकाची माणसं त्या टोकाला न्यायची आणि तिकडची इकडे आणायची, यातच त्याचे केस पांढरे झाले होते. एवढ्या वर्षांत त्याच्या चाकाखाली मांजरसुद्धा आलं नव्हतं.

घरी मात्र त्याची झोप उडाली होती. आई लवकर गेल्यावर ज्या थोरल्या बहिणीनं त्याला लहानाचं मोठं केलं, ती आता माणसं विसरायला लागली होती. रात्री उठून दाराची कडी काढायची, गॅसचं बटण फिरवायची. तो आणि त्याची बायको आळीपाळीनं तिच्यावर डोळा ठेवत. त्यामुळे घरात दोघंही कायम अर्धवट जागी, अर्धवट झोपेत असत.

त्या सकाळी तो बहिणीला तोंड धुवायला नेत होता. तिनं एकदम हात झटकला आणि स्टीलचा तांब्या त्याच्या खांद्यावर हाणला.

"चोर कुठला! माझ्या भावाच्या घरात शिरलास? थांब, येऊ दे त्याला."

"ताई, अगं मीच आहे."

"तू? माझा भाऊ केवढासा आहे! तू म्हातारा आहेस."

बायको दारात उभी होती. तिचे डोळे सुजले होते. "माझ्याच्यानं आता होत नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही जाता निघून. दिवसभर हिच्याशी मी झगडते. हिचं काय करायचं ते एकदा ठरवा. काहीतरी बोला तरी!"

त्यानं बूट चढवले, डबा उचलला आणि तो जिना उतरला. 

पहिली फेरी ठीक गेली. निदान त्याला तसं वाटलं. कंडक्टरबाई मात्र शेवटच्या थांब्यावर म्हणाल्या, "थंडोबा, आज गिअरवर राग आहे का? खाडखाड टाकताय." या बाई त्याच्याबरोबर किती वर्षं होत्या, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. त्यानं मान हलवली आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. खांदा ठणकत होता.

दुसऱ्या फेरीत, बाजाराच्या वळणावर, एक लाल मोटार डावीकडून घुसली आणि बसच्या नाकाला चाटून पुढे गेली. असं रोज होई. रोज तो पाय ब्रेकवर ठेवी आणि म्हणे, जा बाबा, तुला घाई आहे. त्या दिवशी लाल मोटारीच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि हाकलल्यासारखा हवेत फिरला. चल हो बाजूला, म्हातारड्या!

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. पाय ब्रेकवर जायचा तो ॲक्सिलरेटरवर गेला. मोटारीनं रांग बदलली, यानंही बदलली. माणसांनी खचाखच भरलेली ती अवजड बस मोटारसायकलसारखी डावी-उजवी व्हायला लागली. पुढच्या थांब्यावर माणसं हात वर करून उभी होती. ती त्याला दिसली, पण थांबावं असं वाटलं नाही. बसमधलं कुणीतरी ओरडलं, "अहो, मला उतरायचंय!" बाईंनी घंटी मारली. मग मारतच राहिल्या. त्याला फक्त ती लाल पाठ दिसत होती, आणि तिला गाठल्यावर आपण काय करणार याचा त्याला पत्ता नव्हता.

शाळेपाशी सिग्नल पिवळ्याचा लाल झाला. मोटार निसटली. तोही सिग्नल तोडून तिच्यामागे जाणार होता, जाऊ शकला असता. इतक्यात बाळाची बाबागाडी ढकलत एक बाई फुटपाथवरून खाली उतरली.

त्यानं ब्रेकवर अख्खा देह टाकला. टायर किंचाळले. मागे माणसं एकमेकांवर कोसळली, पिशव्या घरंगळल्या. बस थांबली तेव्हा बाबागाडी तिच्या नाकासमोर हातभर अंतरावर होती. त्या बाईनं काचेतून वर त्याच्याकडे पाहिलं. गाडीचा दांडा घट्ट धरून ती जागच्या जागी उभी राहिली. मग सावकाश पलीकडे गेली.

त्यानं इंजिन बंद केलं. कंडक्टरबाई दांड्यांना धरत धरत पुढे आल्या. त्यांच्या भुवईवर खोक पडली होती आणि रक्त गालावर ओघळत होतं.

"काय झालं? ब्रेक गेले होते का?"

"नाही," तो म्हणाला. "बाई, माझ्याच्यानं आज गाडी चालवणं व्हायचं नाही. सगळ्यांना उतरवा."

एक म्हातारे गृहस्थ उतरता उतरता त्याच्या केबिनपाशी थांबले. "आम्हाला मारायलाच निघाला होतास की," ते म्हणाले.

संध्याकाळी तो मॅनेजरसमोर उभा राहिला. मॅनेजर माणूस वाईट नव्हता. त्यानं दार लावून घेतलं.

"ब्रेक नीट लागत नव्हते, असं सांग. जुनी गाडी आहे. कुणी विचारणार नाही."

"ब्रेक लागले म्हणून ते बाळ वाचलं, साहेब. मी रागात होतो."

"अरे, रागात कोण नसतं? मी रोज घरून रागातच येतो."

"तुम्ही खुर्चीवर येऊन बसता."

मॅनेजरनं सुस्कारा टाकला. त्याला रस्त्यावरून काढून डेपोतच ठेवलं. धुतलेल्या बस रांगेत लावायच्या, नादुरुस्त बस वर्कशॉपपर्यंत न्यायच्या. नव्या ड्रायव्हरांनी दोन-चार टोमणे मारून पाहिले, मग सोडून दिलं.

घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं, न वगळता. ती ऐकता ऐकता खाली बसली. "मी बोलले म्हणून झालं का?" तिनं विचारलं.

"मी बोललो नाही म्हणून झालं," तो म्हणाला. "मलाही होत नाही गं आता. पण ताईला कुठे पाठवायला मन धजत नाही."

त्या बोलण्यातून जादू काही झाली नाही. धाकट्या भावाला फोन केला. त्यानं आधी सबबी सांगितल्या, मग कुरकुरत शनिवार-रविवार बहिणीला न्यायचं कबूल केलं. शेजारच्या नर्सबाई दुपारी येऊन बसू लागल्या. दोघांना थोडी झोप मिळू लागली. पुरेशी नव्हे, थोडी.

काही महिन्यांनी त्याला पुन्हा बस मिळाली. कंडक्टरबाईंच्या भुवईवर आता बारीक पांढरी रेघ होती. त्यांनी तिचा विषय काढला नाही, यानंच काढला. "माफी मागायची राहिलीय," तो म्हणाला.

"मागितलीत की आत्ता," त्या म्हणाल्या. "चला, उशीर होतोय."

ताईची तब्येत बिघडतच गेली. कधी सकाळी तो डेपोत यायचा तो चेहरा ओढलेला, डोळे तांबारलेले. अशा दिवशी तो सरळ मॅनेजरच्या खोलीत जाऊन म्हणायचा, "साहेब, आज दुसऱ्याला पाठवा." मॅनेजर कपाळाला हात लावायचा, कटकट करायचा, आणि दुसऱ्याला पाठवायचा. मग थंडोबा दिवसभर डेपोत बस धूत बसायचा. पाइपमधलं पाणी काचांवरून ओघळायचं, आणि तो बादलीवर टेकून जरा वेळ डोळे मिटायचा.